कोण चालवत होतं?

जुनी गाडी बंद पडली की लोक गाडीला शिव्या घालतात. नवी बंद पडली की चालवणारीला. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांचे आभार मानायची माझी आजही तयारी नाही.

माझा धंदा जेवणाचा. कसबा पेठेत एका बोळात तळमजल्यावर आमचा स्वयंपाक चालतो. लग्न, मुंज, वास्तुशांत, साठीशांत, जे असेल ते. बोळात गाडी शिरत नाही. पातेली दोघी-दोघींनी कडीला धरून कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथे उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यात चढवायची. तिथून पुढे गाडी मी चालवते. चाळिशी उलटल्यावर शिकले, कारण ठेवलेला ड्रायव्हर ऐन मुहूर्ताच्या दिवशी फोन बंद करून बसला होता. त्यानंतर मी कोणाच्या फोनवर अवलंबून राहिले नाही. सकाळी मागे मसालेभाताचा वास, शेजारी मठ्ठ्याचं पिंप आणि हातात स्टिअरिंग, एवढा वेळ मी कोणाची बायको नसते, कोणाची आई नसते. हे सुख मी मिळवलेलं आहे.

आमची आधीची पिकअप म्हातारी झाली होती. डावं दार बाहेरूनच उघडायचं, थंडीत सुरू व्हायला नखरे करायची. पण ती बंद पडली की सगळी पेठ तिलाच बोलायची. "आता काढून टाका हो तिला," असं म्हणत चार जण धक्का मारायला यायचे. माझ्या चालवण्याबद्दल तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही.

मग नवी घेतली. शोरूममधल्या मुलाने तिचं इतकं कौतुक केलं की मुलगी दाखवायला आणलीय असं वाटावं. समोर स्क्रीन, दार नीट लागलं नाही तर ती सांगणार, पट्टा लावला नाही तर ओरडणार. "आता बॉनेट उघडायचं विसरूनच जा, मॅडम," तो म्हणाला. कागदपत्रांवर फोन नंबर आमच्या ह्यांचा दिला, कारण हे बँकेतून निवृत्त झालेत आणि कागदपत्रं म्हटली की त्यांना अजूनही हुरूप येतो. त्या नंबराने पुढे घोळ केला.

पहिल्यांदा ती येरवड्याच्या पुलावर बंद पडली. मागे पूर्ण पंगतीचं जेवण. चालता चालता स्क्रीनवर पिवळा दिवा लागला आणि गाडी गप्प. मागून हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला शेजारून जाताना ओरडला, "मावशी, क्लच सोडा की!" मी किल्ली काढून घेतली, तशीच बसून राहिले, थोड्या वेळाने पुन्हा लावली आणि गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू झाली. वरण गार होऊन पोचलं. यजमानीणबाईंनी पैसे पुरते दिले, पण पुढच्या मुंजीला त्यांनी दुसरीकडे सांगितलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला वायर जोडून संगणकावर तपासलं. तिथे माझ्या गाडीचं बघणारा माणूस तिशीचा, नागपूरकडचा, बोलायला गोड. "मॅडम, स्कॅनरमध्ये काहीच फॉल्ट येत नाहीये. गाडी एकदम ओके आहे." रिकामी गाडी त्याने समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर फिरवून आणली आणि चावी हातात दिली. वर म्हणाला, "कंपनीतून फोन येईल, तेवढं दहापैकी दहा सांगा प्लीज."

गाडी पुन्हा बंद पडली, मी पुन्हा तिथे गेले, पुन्हा वायर, पुन्हा "ओके" आणि पुन्हा दहापैकी दहाची विनवणी. या वेळी सेंटरच्या फॉर्मवर मी माझाही नंबर लिहिला होता, म्हणून कंपनीचा फोन मला आला आणि त्या मुलीला मी दोन सांगितले. तिने विचारलं, "दोन कशाबद्दल, मॅडम?" म्हटलं, "चहा चांगला होता."

मी दोन दिले म्हणून त्याला वरून बोलणी बसली असणार. त्याने फोन केला, पण मला नाही, आमच्या ह्यांना. त्याला कागदपत्रांवर तो नंबर दिसला, आणि त्याला तोच बरा वाटला असेल. संध्याकाळी जेवताना हे भाताकडे बघत म्हणाले, "अगं, तो सेंटरवाला म्हणत होता, गाडीत काही दोष नाही. चालवायची सवय जरा... म्हणजे नव्या गाड्या नाजूक असतात म्हणे."

"म्हणजे दोष माझ्यात आहे."

"तसं कुठे म्हणतोय मी? पण आता वय झालं, दगदग होते. आपण एक ड्रायव्हर ठेवू. तू शेजारी बस आरामात."

शेजारी बस! मला राग आला, आणि रागाहून जास्त लागलं. जुन्या गाडीने इतकी वर्षं खोड्या काढल्या, तेव्हा ह्यांनी एकदाही माझ्या हाताला नावं ठेवली नव्हती. आता एक संगणक "ओके" म्हणाला आणि माझी सगळी वर्षं खोटी पडली. "नवी गाडी आपोआप बंद कशी पडेल?" असं हे विचारत होते, आणि मी जे डोळ्यांनी पाहिलं त्याला घरात किंमत नव्हती. मी म्हटलं, "ठीक आहे. गाडी माझ्यामुळे बंद पडते असं सिद्ध झालं, तर त्याच दिवशी किल्ली खुंटीला लावीन. नाही झालं, तर ड्रायव्हर हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही." हे म्हणाले, "बरं." माझे शब्द परत घ्यायची मला सवय नाही, त्यामुळे रात्री झोप लागली नाही हे मी कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेंटरला गेले. म्हटलं, परवा लग्नाचं जेवण घेऊन कात्रजच्या पुढे जायचंय, तुमचा माणूस माझ्या शेजारी बसू दे आणि माझी सवय काय ती डोळ्यांनी बघू दे. "आमच्या पॉलिसीत बसत नाही," असं उत्तर आलं. मग म्हटलं, "तुमच्या पॉलिसीत काय बसतं ते ठरवा. तोवर मी बसते."

सोबत लसूण नेलाच होता. त्या काचेच्या गारेगार खोलीत कोचावर पेपर पसरला आणि सोलायला बसले. एसीमुळे वास फार लवकर पसरतो. शेजारच्या गृहस्थांनी आधी नाक मुरडलं, मग काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, मोठ्या आवाजात. तर त्यांचीही नवीकोरी मोटार आठवड्यापासून तिथेच पडून होती, आणि तीही संगणकाच्या मते ओके होती. आणखी दोघे खुर्च्या सरकवून जवळ आले. त्यातल्या एका बाईंनी तर सोलायला मूठभर पाकळ्या मागून घेतल्या. अर्धं पातेलं भरायच्या आत मॅनेजर बाहेर आले. "परवा माणूस येईल, मॅडम," ते म्हणाले. "ते... टरफलं तेवढी..."

तो नागपूरकडचाच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी भरताना मी त्याला अळूच्या भाजीच्या पातेल्याची एक कडी धरायला लावली. निघालो. आणि त्या दिवशी गाडी जी सुरेख चालली म्हणता! डॉक्टरच्या दारात गेलं की खोकला थांबतो, तसं. सातारा रोडची गर्दी, सिग्नल, चढ, सगळं तिने सुतासारखं सरळ पार केलं. तो शेजारी बसून माझ्या क्लचवरच्या पायाकडे बघत होता. कार्यालयात पातेली उतरवली. पंगती उठेपर्यंत थांबलो. त्याला जिलबी वाढली, स्वतःचं पान मात्र वाढून घेतलं नाही. खुंटी डोळ्यांसमोर येत होती.

परत निघताना तो म्हणाला, "मॅडम, येताना मी चालवतो. तुम्ही फक्त बघा, क्लच कसा सांभाळायचा."

पोट भरलं की माणसाला शिकवायची हुक्की येते. मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि माझ्याच गाडीत पहिल्यांदा डावीकडे बसले. मागे रिकामी पातेली खणखणत होती. तो खरंच छान चालवत होता, आणि चालवता चालवता समजावूनही सांगत होता. कात्रज चौकाच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर आहे. तिथून उतरताना पिवळा दिवा लागला आणि गाडी गप्प.

त्याने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मागून बसचा हॉर्न. सेंटरमधली त्याची सगळी इंग्रजी गळून पडली. "ही अशी काहून करून राहिली?" तो गाडीलाच विचारू लागला.

तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबला. त्याच्याकडे बघून म्हणाला, "काय झालं, दादा? या नव्या गाड्या असल्याच. नुसता शो." आणि निघून गेला.

मी त्या स्कूटरवाल्याच्या पाठीकडे बघत राहिले. क्लच सोडा, असं तो म्हणाला नव्हता. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

हात पुढे करून मी नेहमीसारखी किल्ली काढून घेतली. ती थोडा वेळ काढून ठेवावी लागते, हे त्याला कुठे माहीत असणार! मग म्हटलं, "आता फोन लावा."

"मॅनेजरना?"

"नाही. त्या दिवशी लावला होतात ना, त्याच नंबरावर. आणि स्पीकरवर ठेवा."

तो नको-नको म्हणत होता. मी बसच्या हॉर्नकडे लक्ष न देता बसून राहिले. थांबायला मला वेळच वेळ होता, पातेली रिकामी होती. शेवटी त्याने फोन लावला.

"सर, सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय. ते... गाडी बंद पडली."

ह्यांनी काय झालं विचारलं नाही, कुठे आहात विचारलं नाही. जे सगळ्यांनी विचारलं असतं तेच विचारलं.

"कोण चालवत होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत होते.

"मी, सर."

 मग हे घसा खाकरून म्हणाले, "मग तिला द्या चालवायला."

द्यायची कसली? मी दार उघडून खाली उतरले आणि उजवीकडे गेले. किल्ली माझ्याच हातात होती.