धुपाचा वास येणारी गाडी

"मेस्त्री, गाडी बंद पडायच्या आधी धुपाचा वास येतो," आबा चव्हाण म्हणाले, आणि पुढचं मला कळायलाच हवं अशा नजरेने बघत राहिले.

मी बॉनेटखाली वाकलेला होतो. वासाच्या तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. पेट्रोलचा, जळक्या क्लचचा, एकदा तर सीटखाली राहिलेल्या सुक्या बांगड्याचा. धूप मात्र पहिल्यांदाच.

"देवळावरून जाताना येत असेल."

"नाय ओ! परवा भर मच्छी मार्केटात आला. तिथं धूप कोण जाळणार?"

कोकण रेल्वे सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. रत्नागिरीत नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, पण आबांची गाडी जुनी, कार्बोरेटरवाली, त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठी. आंब्याच्या बागेत पत्र्याच्या शेडखाली उभी असायची. आबा तिला घरातलं माणूसच समजत, त्यामुळे तिचे सगळे दोष पोटात घालत. पण मागे एका रविवारी तिने फारच केलं.

आबांच्या मीनाला बघायला राजापूरचे विचारे आले होते. बोलणं चांगलं झालं, पोहे झाले, मुलगा-मुलगी अंगणात दोन शब्द बोलली. मग आबांनी पाहुण्यांना मोठ्या हौसेने गाडीत घातलं आणि एस्टी स्टँडला सोडायला निघाले. भर बाजारात गाडी थांबली. विचारे, म्हणजे मुलाचे वडील, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीत खाली उतरले आणि डिकीला हात लावून ढकलू लागले. एस्टीत बसताना त्यांचे दोन्ही तळवे काळे झाले होते. मग बरेच दिवस काही निरोप नाही. शेवटी फोन आला, "रविवारी येतो, बोलू."

"हे 'बोलू' बरं नाय," आबा म्हणाले. "ज्याला होकार द्यायचाय तो 'ठरवू' म्हणतो."

मीना त्यांच्याबरोबर आली होती. ती सरळ बोलणारी मुलगी. "काका, मला मुलगा पसंत आहे. बाबांना सांगा, रविवारी रिक्षा करा."

"व्याह्यांना रिक्षात? म्हणजे गाडी बिघडलीय हे आपणच कबूल केल्यासारखं!" आबा कडाडले.

आबांचा त्यांच्या परीने उपाय करून झाला होता. गावच्या गुरवाला बोलावून गाडीपुढे नारळ ठेवला होता आणि गाऱ्हाणं घातलं होतं. "बा महाराजा, ह्या गाडीच्या पाठी कोणाची वाकडी नजर असेल तर ती दूर कर, आणि येत्या रविवारी पाव्हण्यांसमोर ही बंद पडू देऊ नको रे महाराजा!" सगळ्या वाडीने "होय महाराजा!" म्हटलं. त्यानंतर गाडी शेडपासून बाजारापर्यंत गेली आणि बंद पडली. मग आबांना माझी आठवण झाली.

मी प्लग साफ केले, पॉइंट बघितले, कार्बोरेटर उघडून धुतला, स्लो, म्हणजे पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग, सेट केला. गाडी घड्याळासारखी चालली. आबा खूश होऊन गेले आणि दुपारी रिक्षाने परत आले. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी माझ्याकडे गाडी शहाण्या मुलासारखी वागायची आणि बाजारात पोचली की मान टाकायची. मला राग यायला लागला होता. गाडीचा नव्हे, आबांचा. कारण प्रत्येक वेळी निघताना ते म्हणायचे, "बघा हां मेस्त्री, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे." जसं काही लग्न कार्बोरेटरशीच लावायचं होतं.

शेवटी मी गाडी फणसाच्या सावलीत उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि स्टूल घेऊन समोर बसलो. आजारी माणसाला ताप चढल्यावरच बघावं, तसं. चोक आत ढकलला. इंजिन चांगलं तापलं, आणि खरोखर धुपाचा वास आला. आबांनी हात जोडले. इंजिन आचके द्यायला लागलं.

मी उठून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धा धरला. हवा कमी झाल्यावर इंजिन गुदमरायला हवं. हे उलट सुधारलं! याचा अर्थ एकच, गाडी दुसरीकडून हवा घेत होती.

हे जरा समजावून सांगतो. इंजिन हवा ओढून घेतं. ती कार्बोरेटरमधून यायला हवी, कारण तिथेच तिच्यात पेट्रोल मिसळतं. मधे कुठे फट पडली की बिनपेट्रोलची हवा आत घुसते आणि ताकात पाणी वाढावं तसं मिश्रण पातळ होतं. रेस दिली की फरक पडत नाही. पाय काढला की इंजिन मरतं. म्हणून गाडी रस्त्यात पळायची आणि गर्दीत, चारचौघांत थांबायची.

आता फट शोधायची. रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनवर फिरवलं. मॅनिफोल्डपाशी, म्हणजे कार्बोरेटरमधली हवा इंजिनात नेणाऱ्या पायपाच्या जोडावर, 'फुस्स' ऐकू आलं. तिथे साबणाचं पाणी मारलं. इंजिन क्षणभर सुरळीत चाललं आणि पुन्हा आचके. चोर सापडला. इंजिन बंद केलं आणि आरसा घालून खालून बघितलं, तर जोडातून तपकिरी, चिकट, कापसाची लोंबी लोंबत होती. तिचे थेंब खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या पायपावर पडून धूर निघत होता. मी स्क्रूड्रायव्हरने थोडं खरवडलं आणि हुंगलं. राळ! धुपात घालतात तीच.

"आबा, हे कोणी भरलं?"

"तां होय? तां कासमचाचान भरलंन," आबा थंडपणे म्हणाले.

कासमचाचा आबांचे शेजारी. बंदरावर होड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा आणि वरून राळ-तेलाचा लेप द्यायचा, हे त्यांचं काम.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमाला कशाला सांगायचं? गाडी शिट्टी वाजवायची, ती चाचान बंद केलीन. शिट्टीचं काम झालं. मी तुमाला बंद पडायचं विचारतंय!"

मी स्टुलावर बसून घेतलं. शिट्टी आणि बंद पडणं हा एकच रोग, हे त्यांना सांगायला मला चहा लागला. गाडी थंड असताना राळ घट्ट, फट बंद. तापली की राळ वितळणार, इंजिन कापूस आत ओढणार, धूप दरवळणार, गाडी मरणार.

चाचांना बोलावलं. त्यांनी आरशात बघितलं आणि चेहरा पडला नाहीच.

"माज्या राळीतून आजपावेतो पानी आत आलं नाय, मेस्त्री."

"चाचा, होडी तापत नाही. इंजिन तापतं."

"मंग तुमचं इंजिन पान्यात ठेवा!"

मी पाना उचलला. मॅनिफोल्ड उतरवला. आतली गॅस्केट, म्हणजे दोन लोखंडांमधली पातळ गादी, चिरफाळली होती. इतक्या जुन्या गाडीची रत्नागिरीत मिळणं शक्य नव्हतं. गॅस्केटची शीट आणून जोडावर धरली, हातोडीने कडेकडेने ठोकून आकार काढला. भोकं चाचांनी पाडली, आणि माझ्यापेक्षा साफ पाडली, हेही सांगतो. शनिवारी गाडी तापून लाल झाली तरी बंद पडली नाही. वासही नाही.

"वास गेला," आबा काळजीत पडले. "म्हणजे गाडी सांभाळणारा राखणदार देव गेला की काय?"

रविवारी आबांनी मलाही हत्यारांसकट गाडीत बसवलं. स्टँडवर राजापूरची एस्टी लागली. बोलणी करायला चौघं येणार होते, उतरले सात. विचारे सर्वांत पुढे. अंगात जुना खाकी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. मागे तीन दांडगे पुतणे, बाह्या वर केलेले.

"ही मंडळी?" आबांनी घाबरत विचारलं.

"ढकलायला," विचारे म्हणाले. "तुमची एकुलती एक मुलगी आमच्या घरी येणार, तुम्ही वरचेवर येणार. सवय नको का करायला?"

आबा विचाऱ्यांचा हात धरून भर स्टँडवर रडायला लागले. गाडी बंद पडली नाहीच, पण सात माणसं एका खेपेत मावेनात म्हणून दोन खेपा माराव्या लागल्या. पुतणे जरा हिरमुसले.

तेव्हापासून गाडी आली की मी आधी बॉनेट उघडत नाही. आधी विचारतो, "माझ्याआधी कोणाकोणाला दाखवलीत?" निम्मा रोग तिथेच सापडतो.