मामांनी काढलेला एकुलता एक डोंगर

लिहायला बसलो खरा, पण हे लिहिण्याचा मला काय अधिकार, ते अजून नीट कळलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील गिरणीत आहेत, आईला अक्षरओळख नाही. कॉलेजच्या अंकात लिहिणारी मुलं पुस्तकांच्या कपाटाशेजारी वाढलेली असतात, असं मला वाटतं. तेव्हा कुठे चुकलो तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. फोटोग्राफीतलंही मला फार कळत नाही. एका सकाळी एका जुन्या कॅमेऱ्यामागे मी उभा होतो, एवढीच माझी शिदोरी.

कॅमेरा माझ्या मामांचा. मुलुंडला त्यांचा स्टुडिओ आहे, म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. कॅमेरा लाकडी, पितळी कोपऱ्यांचा, मधे काळा भाता. कुणी रेल्वेतला साहेब विलायतेला परत जाताना विकून गेला होता. मागे दुधी काच असते, तिच्यावर समोरचं सगळं उलटं दिसतं. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, त्या काचेवर चित्र स्पष्ट करायचं, मग तिच्या जागी काचेची प्लेट सरकवायची आणि भिंगावरचं झाकण काढायचं. इतर स्टुडिओंत रोलचे कॅमेरे आले होते. मामा म्हणत, "ते पटकन होतं खरं. पण पटकन होऊन करायचं काय?"

स्टुडिओत मागे एक पडदा टांगलेला असे. त्यावर निळा डोंगर, तळं आणि दोन हंस रंगवलेले. मुलुंडमधल्या कितीतरी नवराबायकांचे फोटो त्या हंसांपुढे निघाले.

मामांचा डावा डोळा आधीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकत आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की डाव्याची आशा सोडा, ऑपरेशन उजव्याचं करू. ते साधलं तर दिसेल. न साधलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. घरी येऊन ते मामीला म्हणाले, "जन्मभर रंगवलेल्या डोंगरापुढे माणसं बसवली. ऑपरेशनाआधी एक खरो डोंगर काढूचो आसा."

मामी तांदूळ निवडत होती. "डोंगराचो फोटो? तो काय लग्नाक उभो रवलो हा?"

"असू दे गो."

"आणि डोंगर व्हयोच, तर पडद्यार आसा मां!"

मामा हसले, पण हट्ट सोडला नाही. प्लेटांच्या जुन्या पेटीत बाकीच्या दमटपणाने खराब झाल्या होत्या. चांगली एकच उरली होती. तीही चांगली असेल, असा आपला भरवसा. आणि काचेवरचं चित्र आता मामांना दिसत नव्हतं. म्हणून मला बोलावणं आलं.

सकाळी लवकर निघालो. कॅमेऱ्याची पेटी माझ्या खांद्यावर. तिपाई मामांच्या हातात, तीच काठीसारखी टेकत ते चालत होते. वस्ती संपून कापणी झालेली भातखाचरं लागली आणि समोर डोंगर उभा राहिला. ऊन आमच्या पाठीमागून येऊन सरळ त्याच्यावर पडत होतं. गवत मात्र वाऱ्याने हलत होतं.

मी फडक्याखाली शिरलो. कॉलेजात भिंगांचा पाठ झाला होता, चित्र उलटं का पडतं ते मला पाठ होतं. तरीही डोंगर खाली लोंबताना पाहून मी क्षणभर तिपाई घट्ट धरली.

"नजर धरलीस?" मामांनी विचारलं. स्टुडिओत माणसाच्या डोळ्यांवर भिंग जुळवतात, त्याला ते नजर धरणं म्हणतात.

"मामा, डोंगराला डोळा कुठे?"

"आसतलो खंय तरी. शोध."

शोधलं. अर्ध्या चढावर पांढऱ्या खोडाचं एक निष्पर्ण झाड होतं. त्याच्या फांद्या सुट्या दिसेपर्यंत मी भाता मागेपुढे केला आणि मामांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि वारा पडायची वाट बघत बांधावर बसले.

वारा पडला तेव्हाच नेमक्या पाड्यावरच्या मोळीविक्या बाया डोंगर उतरून आल्या. चौघी होत्या, डोक्यावर लाकडांचे भारे, बाजाराला निघालेल्या. कॅमेरा बघून त्या थबकल्या. मग काही न बोलता आमच्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या, तोंडं गंभीर करून.

"बाई, जरा बाजूला व्हा," मी म्हटलं. "डोंगराचा फोटो काढतोय."

पुढच्या म्हातारीने वळून डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्याचा कशाला? तो काय कुठं जातो?"

दुसरी म्हणाली, "आमचा काढ. आमी रोज नाय मिळत."

मी मामांजवळ गेलो. त्यांना फक्त आवाज कळले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "या जाईपर्यंत थांबू. प्लेट एकच आहे."

"माहीत आहे. मीच ठेवलीय ती." ते उठले. "उभ्या राहिल्यात?"

"हो."

"मग राहू दे. कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला मी कधी बाजूला हो म्हटलं नाही. आता शेवटाला म्हणू?"

शेवटाला हा शब्द मला आवडला नाही.

मामांनी भिंगात सरकवायच्या पितळी चकत्या काढल्या आणि भोक बोटाने चाचपत सर्वांत बारीक भोकाची निवडली. बाया जवळ, डोंगर लांब. दोन्ही स्पष्ट यायचे तर भोक बारीक हवं, आणि भोक बारीक म्हणजे झाकण बराच वेळ उघडं. तेवढा वेळ या हलल्या तर सगळंच गेलं.

"भारे खाली ठेवा," मी सुचवलं.

"ठिवू. मंग उचलून कोन देल, तू?" म्हातारी म्हणाली, तशा सगळ्या हसल्या.

"हसून घ्या," मामा स्टुडिओतल्या आवाजात म्हणाले. "आता श्वास धरा."

मी झाकण लावून दुधी काचेच्या जागी प्लेट सरकवली, मग झाकण काढलं. मामा मोजू लागले. गावी धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मामांचे वडील तसं मापत, आणि मामा फोटोही तसाच मोजत. "लाभ, दोन, तीन…" बायांच्या मानांच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. मामांनी हात खाली केला, मी झाकण लावलं. मगच बायांनी श्वास सोडला. मीही.

दुपारी स्टुडिओच्या काळोख्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात, मामांनी प्लेट औषधात घातली. हात त्यांचे, डोळे माझे.

"आभाळ काळं झालं," मी सांगितलं. प्लेटवर उजळ ते काळं येतं.

"डोंगर?"

"येतोय. झाडही आलं."

"बायका?"

मी वाकून पाहिलं. "आल्या. चौघी."

"हलल्या?"

"नाही, मामा. खाचरातलं गवत हललंय. त्या नाही."

ट्रे हलवणारा मामांचा हात थोडा थांबला.

प्लेट सुकल्यावर त्यांनी ती कागदात गुंडाळायला सांगितली. "छापायची घाई नको. आधी मी बघणार."

"आणि…" मी अडखळलो.

"नाहीच दिसलं, तर तू सांग कसा आलाय तो. आज सांगितलंस तसं."

ऑपरेशन मुंबईतल्या एका इस्पितळात झालं. मी भेटायला गेलो तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. "आता मी लग्नाच्या फोटोला आलेल्या पोरीसारखा बसलोय बघ, कॅमेऱ्यापुढे," ते म्हणाले, निजल्या निजल्या. पट्टी काढायचा दिवस डॉक्टरांनी पुढे ढकलला. मग आणखी एकदा ढकलला. माझी परीक्षा जवळ आली होती. पुस्तक उघडून बसायचो, पण दोन ओळींनंतर वाचन पुढे सरकत नसे.

एका संध्याकाळी मामी इस्पितळातून परस्पर आमच्याकडे आली. रिकामा डबा ओट्यावर ठेवला, आईकडे पाणी मागितलं, सावकाश प्यायली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"दिसता," ती म्हणाली. "डॉक्टरान जाड भिंगाचो चष्मो लावलो. पयली खिडकी दिसली. मगे माज्याकडे बघल्यानी, आणि म्हणतत कसे, 'हनुवटी जरा खाली घे.'"