सल्लागार रजेवर

लिंडसे टॅव्हेनडेल आमच्या गावातला मेंढ्या कातरणारा. वर हिमनदीवर कुणी अडकलं की हातातली कात्री ठेवून तो दोर उचलायचा. बचाव पथकात त्याचा एक शब्द शेवटचा होता. तो “माघारी” म्हणाला की सगळे वळायचे, का म्हणून कुणी विचारत नसे. माझी लेक ब्रायडी पथकात गेली तेव्हा मी हो म्हटलं ते या एका शब्दाच्या भरवशावर.

मग आमच्याच हिमनदीवर सिनेमावाले आले. त्यांनी लिंडसेला पर्वत-सल्लागार नेमलं. तो सांगत होता, दोर बांधल्याशिवाय कुणी असं धावत नाही. दिग्दर्शक म्हणाला, दोर दिसला की थरार संपतो. शेवटी नायक जखमी बाईला खांद्यावर टाकून बिनदोराचा भेगांवरून उड्या मारत सुटला.

गावच्या हॉलमध्ये सिनेमा लागला तेव्हा आम्ही शेवटच्या नावांपर्यंत बसून राहिलो. लिंडसेचं नाव आलं तशा शिट्ट्या झाल्या. त्याने उभं राहून टोपी काढली.

शनिवारी क्राइस्टचर्चच्या पेपरात परीक्षण आलं. “पर्वत देखणे, अक्कल बेपत्ता. सल्लागार म्हणून कुणा टॅव्हेनडेल यांचं नाव दिसतं. चित्रीकरणाच्या वेळी हे गृहस्थ रजेवर असावेत.”

पबवाल्याने ते कात्रण बारच्या मागे चिकटवलं.

“काय लिंडसे, आज कामावर का रजेवर?”

“पगारी रजा का रे, म्हाताऱ्या?”

आधी तोही हसला. मग पबमध्ये यायचा बंद झाला, तर लोक म्हणाले, “बघा, बिअरलाही रजा!”

आमच्याकडे ऑगस्टात ऐन थंडी असते, तेव्हा दोन स्कीवाले कड्याखाली अडकले. पथक निघालं. मी खाली तळावर सूप गरम करत होते, रेडिओ चालू होता. एका उतारावर पथकाच्या पायाखालचा बर्फ ‘व्हम्म’ करून खचलेला रेडिओवर ऐकू आला.

“माघारी,” लिंडसे म्हणाला.

“पलीकडे दोघं गारठून मरतायत, दोस्ता,” पथकाचा प्रमुख रेवी म्हणाला.

“हा उतार सुटणार आहे, रेवी, सगळा बर्फ खाली येईल. माघारी.”

मागून कुणीतरी ओरडलं, “झालं! सल्लागार रजेवर निघाले!”

पथक हसलं. तळावरही सगळे हसले. रेडिओवरच्या हसण्यात ब्रायडीचा आवाज मी ओळखला.

रेवी पुढे गेला. एकेक करून सगळे गेले. उतार सुटला नाही. दोघं जिवंत खाली आले. लिंडसे उताराच्या अलीकडच्या बाजूलाच उभा राहिला होता.

पुढच्या बैठकीत रेवी त्याला म्हणाला, “दमलास तू. आता रेडिओवर बस.” लिंडसेने दोर टेबलावर ठेवला आणि घरी गेला. आता त्याला कुणी बोलावत नाही.

काही दिवसांनी पहाटे तो उतार सुटला. खाली कुणी नव्हतं. पबमध्ये म्हणाले, “उतारसुद्धा रजेवर होता, आज हजर झाला!”

काल पथकाबरोबर वर निघताना ब्रायडी बुटांच्या नाड्या बांधत होती. मी विचारलं, “वर आता माघारी कोण म्हणतं गं?”

“कुणी नाही, आई. कोण कशाला हसं करून घेईल?”

आणि ती गेली. अजून आलेली नाही.