ओळख न दाखवणारे डॉक्टर

आमचे कागदवाले डॉक्टर रस्त्यात भेटले तर ओळख दाखवत नसत. धुळ्याच्या बसस्थानकावर एकदा माझ्या पुढ्यातून सरळ निघून गेले. मला मेलं वाईटच वाटलं. पुढच्या खेपेला स्वतःच म्हणाले, "बाहेर मी तुम्हाला ओळखत नाही, राग मानू नका. मी नमस्कार केला की चार माणसं विचारणार, हे डॉक्टर तुमचे कोण?"

एचआयव्हीचं औषध मिळत असूनही माणसं ते मध्येच का सोडतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. नवरा याच दुखण्यानं गेला. घरात सगळे कावीळ समजत होते. मलाही तेच निघालं आणि मी डॉक्टरांच्या अभ्यासाच्या कागदात आले. अमळनेरजवळच्या आमच्या गावाला औषधासाठी खरं तर जळगाव नेमून दिलेलं, पण तिथल्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर? म्हणून मी दर महिन्याला धुळं गाठायची. सासूला सांगितलं होतं, देवीचा नवस आहे.

"गोळी चुकली का?" ते विचारत. "चुकली तर सांगा, मी ओरडणार नाही. खोटं सांगाल तर माझा कागदही खोटं बोलेल."

एकदा त्यांनी माझी डबी कानाशी हलवली. आवाज नाही. उघडली तर आत आमच्या शेतातला कापूस.

"वाजते हो," मी म्हटलं. "सासू शेजारीच बसलेली असते."

ते हसले नाहीत. कागदावर लिहून घेतलं आणि दवाखान्यातला कोरडा कापूस माझ्या हातावर ठेवला. "शेतातला ओल धरतो. हा घाला." एवढा शिकलेला माणूस, पण माझी भीती त्यांना कधी खुळचट वाटली नाही.

मग तो दिवस आला. दवाखान्याच्या बाकावर आमच्या गावचे शिंपी नाना बसले होते. माझ्यासारखेच तेही लपायला धुळ्याला आलेले! नजरानजर झाली आणि मी गोळ्या न घेताच परत फिरले. घरी सासू म्हणाली, "पुढला खेपले मी बी येसू तुन्हासंगे. देवी मन्ही बी शे." तिकडे नाना, इकडे सासू. डबीत चार गोळ्या उरलेल्या. उंदरासारखी कोंडली गेले होते मी.

तिसऱ्या दिवशी नाना दारात. मी शिवायला न टाकलेलं ब्लाउज घेऊन. सासू आत गेली तशी हळूच म्हणाले, "बेटा, मी धुयाले गऊच नई. आन् तू बी गई नई." म्हणजे धुळ्याला दोघंही गेलोच नव्हतो.

लगेच दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला मजूर आले, सासू शेतात अडकली, आणि मी धावत धुळं गाठलं. डॉक्टरांनी आधी मला, मग नाना आले तेव्हा त्यांना वेगळं विचारलं आणि मार्ग काढला. "एकमेकांना घाबरता ना? मग एकमेकांच्या गोळ्या आणा." एक महिना मी, एक महिना नाना. त्यांची पाळी असली की ब्लाउजच्या घडीत माझी डबी यायची. माझ्या फेऱ्या निम्म्या झाल्या आणि सासूही सोबतीचा हट्ट विसरली. पुढे आणखी गावांतल्या माणसांच्या अशा जोड्या डॉक्टरांनी जुळवल्या.

मी एकदा विचारलं, "यातून सुटका कधी हो?"

"रोगाला बांधून ठेवायचं औषध माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "लोकांच्या जिभेला बांधायचं नाही." त्या दिवशी त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते अचानक गेले. पेपरात फोटो आला. सासू त्याच पेपरावर शेंगा सोलत बसली होती, फोटोवर टरफलं पडत होती. मला तो पेपर ओढून घेता आला नाही. रडताही आलं नाही.

नवसाचं नाव सांगून शोकसभेला गेले. सभागृहासमोर, रस्त्यापलीकडे दवाखान्याच्या रांगेतले कितीतरी चेहरे उभे होते. कुणी चहाच्या गाडीशी, कुणी रिक्षाथांब्यावर. एकमेकांकडे कुणी पाहत नव्हतं. नानाही होते. मीच हिय्या करून आत शिरले.

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. "तुम्ही यांना कुठून ओळखत होता?"

"ओळखत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला. "त्यांची माणसं हेच सांगणार, असं म्हणायचे ते," त्या म्हणाल्या आणि मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.