नववा रकाना कोरा

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका कापड गिरणीत कॉम्प्युटरचं खातं निघालं, तेव्हा आम्ही दोघे वाजवणारे तिथं चिकटलो. मी पेटीवाला, तो तबलजी, विणकराच्या घरातला. साहेबांना चालत्या बोटांची माणसं हवी होती. तो ताग्यांचे आकडे यंत्रावर ठोकून कार्डांना भोकं पाडायचा. मी तेच आकडे त्याच कार्डावर पुन्हा ठोकायचो. फरक निघाला की माझं यंत्र अडायचं.

त्याच्या कार्डांवर ते कधी अडायचंच नाही. माणूस इतका बिनचूक कसा? तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग दिसलं, रद्दीतली कोरी कार्डं तो भोकं पाडून डब्याच्या पिशवीत घालतो.

"घरी कार्डं कशाला, अण्णा? पापड वाळवायला?"

"व्हय की मास्तर. तुमी या खायला!"

हसून टाळलं, असं मी धरलं. गिरणीचे आकडे कुणा व्यापाऱ्याकडं जात असतील, हे एकदा डोक्यात शिरलं आणि त्याचं पाणी प्यायला उठणंसुद्धा खटकायला लागलं.

त्यातच साहेब म्हणाले, प्रोग्रामिंग शिकायला मुंबईला एकाला पाठवायचंय. तो एक कोण, हे शिपायालाही ठाऊक होतं. मी नव्हतो.

एके दुपारी तो पाण्याला उठला, तेव्हा त्याच्या पिशवीतलं एक कार्ड काढून मी खिडकीच्या उजेडात धरलं. मग ते साहेबांना नेऊन दिलं. "कसले आकडे आहेत, मला काही लागत नाही."

त्याला बोलावलं. तो घाबरला नाही. "साहेब, ठेका हाय तो. बोलांना आकडे दिलेत. मास्तरांना विचारा की, रोज साथ करतो आमी."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "असला ठेका मी तरी पाहिलेला नाही."

 त्याला मागाच्या खात्यात धाडलं. मुंबईला मी गेलो. पुढं जे काही झालो, ते त्या शिक्षणावर.

पण मला कळलं होतं. कार्डाचे रकाने ऐंशी. म्हणजे सोळा-सोळाची पाच आवर्तनं, आणि दर आवर्तनात नववा रकाना कोरा. तीनतालाची नववी मात्रा, खाली. तिथं डग्गा गप्प असतो. खिडकीशी ते भोकांचं कार्ड धरून उभा होतो, तेव्हा माझा पाय आपसूक ठेका धरत होता. तो मी थांबवला, आणि मगच साहेबांच्या खोलीकडं निघालो.