कानस मिस्त्री आणि यांची करवत

ज्याचे उपकार मानायचे तो माणूस ठार बहिरा असला की फार पंचाईत होते. मनातलं सगळं गल्लीला ऐकवावं लागतं. मी एकदा कानस मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी राहून घसा ताणून आभार मानले, तर समोरच्या घरातली बाई खिडकीत आली आणि मिस्त्री म्हणाले, "ओरडू नका ताई, ओठ दिसतात मला."

त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही. लोखंड घासायची कानस हातात नसेल तर त्यांच्या खिशात असते, म्हणून कानस मिस्त्री. ऐन उमेदीत त्यांनी मशीनच्या करवतीनं झाडं पाडली, कानात बोळे घालणं कमीपणाचं मानलं आणि कान गमावून बसले. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दुसऱ्यांच्या करवती दुरुस्त करतात. डाव्या कानावर कायम एक स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला असतो. "कान कशाच्या तरी कामाला येऊ देत," असं स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात.

त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना एकच हवं असतं, करवत जोरात चालली पाहिजे आणि त्याहून जोरात ओरडली पाहिजे. मिस्त्री मात्र इंजिन लगेच उघडत नाहीत. शेडबाहेर एक ओंडका ठेवलेला आहे. ज्याची करवत, त्यानं आधी तो कापून दाखवायचा. मग मिस्त्री खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन चोळतात, कापलेल्या जागेवर बोट फिरवतात, आणि निम्म्या लोकांना नुसती करवतीच्या दातेरी साखळीला धार लावून परत पाठवतात.

आमचे हे झाडं कापणारे. रस्त्यावर आलेल्या फांद्या, वाळलेली खोडं, वादळात पडलेलं काहीही. हा माणूस बायकोपेक्षा करवतीशी जास्त बोलतो, हे मी लग्नानंतर लवकरच ओळखलं आणि मूग गिळून बसले. पण त्या थंडीत यांच्या डाव्या हाताची बोटं सकाळी पांढरीफटक पडायला लागली. शर्टाची बटणं मी लावायची. हातातून कप सुटायचा आणि खापर कपावर फुटायचं, "हल्ली कपच धड बनवत नाहीत."

करवतीच्या हादऱ्यांनी बोटं बधिर होतायत, असंच चाललं तर कायमची जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं. कामावर यांचे काप तिरके जात होते, म्हणून मुकादमानंही दम दिला होता, की आणखी एक फांदी भलतीकडे पडली तर करवत काढून घेईन आणि फांद्या उचलायला लावीन. करवत सोडली तर माणूस झुरणार आणि धरून ठेवली तर हात जाणार. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. यांनी आपल्या डोक्यानं तोड काढली. करवतीचा जोर वाढवला की काम झटपट उरकेल, हादरे कमी बसतील. ऐकायला शहाणपणाचं होतं. मी सोबत गेले, कारण हे मिस्त्रींजवळ हाताबद्दल चकार शब्द काढणार नाहीत याची मला खात्री होती.

"सायलेन्सरचं तोंड मोठं करा, इंजिन मोकळं होऊ द्या," हे म्हणाले. मिस्त्रींनी ओंडक्याकडे बोट दाखवलं.

यांनी कापायला घेतलं. काप सरळ खाली जायचं सोडून एका अंगाला वळत गेला. हे सगळा भार टाकून दाबत होते. मिस्त्री जवळ आले आणि करवत चालू असतानाच त्यांनी मुठीवर यांच्या हाताशेजारी तळहात टेकवला, आणि लगेच काढून घेतला. भुसा पिठासारखा बारीक पडला होता. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, साखळीचे दात निरखून पाहिले आणि म्हणाले, "डावा हात दाखव."

"हाताला काय झालंय?"

"डोळे मीट."

यांनी कधी नव्हे ते ऐकलं. मिस्त्रींनी यांच्या बोटांवर एक स्क्रू ठेवला. "काय आहे?"

"नट."

मग खरंच नट ठेवला. हे जरा थांबून म्हणाले, "स्क्रू." मिस्त्रींनी तो उचलला आणि दुसरं काहीच ठेवलं नाही. "आणि आता?"

यांनी विचार केला. "वॉशर."

मला तिथंच रडू फुटलं. यांनी डोळे उघडले आणि आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले.

"एका बाजूचे दात तू उजव्या हातानं घासतोस, ते धारदार आहेत," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या बाजूला डावा हात लागतो. त्याला दाब कळत नाही, म्हणून ते दात नुसते कुरवाळलेत. मग करवत एकीकडे ओढते, म्हणून तू दाबतोस, म्हणून हादरे बसतात, म्हणून हात आणखी बधिर. त्यात जोर वाढवून देऊ? हात लवकर जाईल, एवढंच." मग त्यांचा नेहमीचा चढा आवाज एकदम उतरला. "माझे कान असेच गेले. मला कुणी थांबवलं नाही. करवत इथंच ठेव."

आठवड्यानं गेलो तर करवत ओळखू येईना. यांचं लाडकं लांब पातं भिंतीवर टांगलेलं आणि त्याच्या जागी एक आखूड पातं. या लोकांत पात्याच्या लांबीवर माणसाची पत ठरते, त्यामुळे यांचा चेहरा पडला.

"फांद्याच कापतोस ना? मग ते कुणाला दाखवायला?" मिस्त्री म्हणाले.

पातं आखूड, म्हणून त्याभोवती ओढायची साखळी कमी, म्हणून तेच इंजिन जोर धरतं, असं त्यांनी मला समजावलं. मूठ आणि इंजिन यांच्यामधली रबरं कडक झाली होती, ती त्यांनी बदलली. सगळे दात सर्वांत आखूड दाताच्या मापाला आणले. प्रत्येक दातापुढं एक उंचवटा असतो, दातानं लाकडात किती खोल चावायचं ते तो ठरवतो. तो केसभर उतरवला, जास्त नाही, कारण जास्त उतरवला की करवत उसळून अंगावर येते. सायलेन्सरचं तोंडही किंचित मोठं केलं, पण ठिणग्या अडवणारी जाळी राहू दिली. इंजिनाला किती पेट्रोल नि किती हवा ते ठरवणारा कार्बोरेटर मात्र आमच्यासमोर जुळवला. इंजिन ऐकू येत नाही, म्हणून एक तळहात मुठीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं स्क्रू थोडा थोडा फिरवत राहिले. इंजिनाची धाप गेल्यावर थांबले.

यांनी करवत ओंडक्यावर नुसती टेकवली आणि ती सरळ खाली उतरली. भुशाच्या जागी जाड जाड फोलपटं उडाली.

"मी दाबलंच नाही," हे तक्रार केल्यासारखे म्हणाले.

"आता अट ऐक. धार तू लावायची नाहीस. ताई लावतील."

यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "ही? हिला विळीला धार लावता येत नाही!"

"त्यांची बोटं शाबूत आहेत," मिस्त्री म्हणाले, आणि कानस माझ्या हातात दिली. नंतर कितीतरी दुपारी त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. दोन्ही बाजूंच्या दातांना सारखेच हात मारायचे, कोन बदलायचा नाही, परत येताना कानस घासायची नाही. चुकले की कपाळाला हात लावायचे, पण रागावले कधीच नाहीत. माझ्या वडिलांनी मला एवढं जीव लावून काही शिकवल्याचं आठवत नाही. बोटं पांढरी दिसली की त्या दिवशी नव्या फांदीला हात लावायचा नाही, ही दुसरी अट. तिची राखण मी केली, भांडून केली.

मुकादम गप्प झाला. पुढच्या थंडीत यांच्या बोटांची टोकं पांढरी पडायची, पण ऊन वर आलं की रंग परत यायचा. बोटांना कळतंय का, हे मी विचारत नव्हते. उत्तराची भीती वाटायची.

एका संध्याकाळी धार लावताना लोखंडाचं बारीक कुसळ माझ्या अंगठ्यात गेलं. चष्मा लावून, दिव्याखाली धरून पाहिलं, काही दिसेना. यांनी माझा हात ओढून घेतला. दाराबाहेर कुणी आलं होतं, तिकडं बघत हे डाव्या हाताचं बोट माझ्या अंगठ्यावरून फिरवत होते. बोट थांबलं.

"इथं आहे," म्हणाले, आणि चिमट्यानं उपटून काढलं.

"तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं कुठं? लागलं बोटाला."

मी डोळ्याला पदर लावला. "एवढं दुखलं का गं?" यांनी विचारलं, आणि मी खोटंच हो म्हटलं.