सरळ चालण्याची तालीम

परवा भाचीच्या नाटकात नकली मिशा चिकटवायच्या गोंदाचा वास आला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या, बंगळूरजवळच्या येलहंक्यात पोचलो. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाचा मी दिग्दर्शक होतो, म्हणजे सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा.

दारुड्याची भूमिका गोडबोलेकाकांकडे होती. कारखान्यातले इंजिनियर, अगदी सज्जन माणूस. "काका, झोकांड्या द्या की," म्हणत मी स्वतः खुर्चीवर आदळून दाखवलं.

काका म्हणाले, "अरे, पिणारा झोकांड्या देत नाही. तो सरळ चालायची खटपट करतो. बघ."

ते दारातून आत आले. चपला काढून, वाकून त्यांनी एकमेकींना नीट जुळवून ठेवल्या. भिंतीपासून वीतभर अंतर राखत चालले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आज, स्वल्प, उकडतंय." आम्ही टाळ्या पिटल्या. एवढं बारीक निरीक्षण कुठे केलंत, असं मी कौतुकानं विचारलंसुद्धा.

प्रॉम्प्टिंग करणाऱ्या गोडबोलेकाकूंनी मात्र वही मिटली. "चपला तर तुम्ही रोजच अशा लावता," त्या हळूच म्हणाल्या. "मी माहेरी सांगत असते, आमचे हे फार शिस्तीचे."

काकूंशेजारच्या खुर्चीत काकांनी अंग टाकलं.

तालीम मोडली म्हणून मी तेव्हा चिडलो होतो. आता कुतूहल वाटतं. काका चुकून उघडे पडले, की इतकी वर्षं सरळ चालून दमलेल्या माणसानं ते मुद्दाम तिच्यासमोरच करून दाखवलं?